हार्ड डिस्कवर ‘लो लेव्हल’ मारण्याआधी काय बघावं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ कळेल. जुन्या लॅपटॉपमधून काढलेली १ टीबीची अडीच इंची हार्ड डिस्क तुम्ही केसिंगमध्ये घालून यूएसबीवर वापरता. तिच्यात आजोबांकडच्या मोडी कागदांचे स्कॅन आणि घरच्या गणपतीचे फोटो आहेत. कॉपी करताना एका फोल्डरवर सगळं अडकतं आणि मधूनच ‘टक’ असा आवाज येतो. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये पिवळा ‘कॉशन’ दिसतो, ०५ (बदलून टाकलेल्या जागांची मोजणी) समोर शून्य आणि सी५ (वाचता न आलेल्या जागांची मोजणी) समोर ३० आहे. दुसरी वस्तू ६४ जीबीची पेन ड्राइव्ह. ती ‘राइट प्रोटेक्टेड’ म्हणते. फायली उघडतात, पण पुसता येत नाहीत आणि फॉरमॅटही होत नाही. विंडोजच्या डिस्कपार्ट या प्रोग्राममधून ‘रीडओन्ली’ची खूण काढायचा प्रयत्न तुम्ही केलात, उपयोग झाला नाही. इंदूरच्या आरएनटी मार्गावरच्या एका दुकानात सांगितलं, “दोनों में लो लेव्हल मार देंगे, आठ सौ लगेंगे, डेटा की गारंटी नहीं.” आणि तुम्ही विचारलंय की याने दोन्ही वस्तू कायमच्या नीट होतील का.

हार्ड डिस्क आज तरी कुणालाही फॉरमॅट करू देऊ नका. तिच्यावर लो लेव्हल मारणं, म्हणजे पूर्ण डिस्क मुळापासून फॉरमॅट करणं, पुढे कदाचित उपयोगाचं ठरेल, पण तुमचे स्कॅन दुसरीकडे सुखरूप पोचल्यानंतर. पेन ड्राइव्हचं प्रकरण वेगळं आहे. तिथे त्याच शब्दाचा अर्थच वेगळा होतो आणि तुमच्या लक्षणांवरून तिच्यावर पैसे घालवण्यात अर्थ दिसत नाही. आता कारणं सांगतो.

लो लेव्हल फॉरमॅट ही एके काळी खरी गोष्ट होती. १९८० मध्ये ५ एमबीची एसटी-५०६ आली. तिच्यासारख्या आणि नंतरच्या एमएफएम, आरएलएल या जुन्या नोंदणी पद्धतींच्या डिस्कमध्ये सेक्टरच्या, म्हणजे मजकूर ठेवायच्या छोट्या कप्प्यांच्या, खुणा कॉम्प्युटरमधलं कंट्रोलर कार्ड लिहायचं. हेड (वाचणारं-लिहिणारं टोक) हलवायला ठरावीक पायऱ्यांनी फिरणारी स्टेपर मोटर असायची. उष्णतेने आणि झिजेने हेडची जागा हळूहळू सरकायची आणि जुन्या खुणा नीट वाचता यायच्या नाहीत. मग डॉसच्या डीबग प्रोग्राममधून कार्डाचा प्रोग्राम चालवून सगळ्या खुणा नव्याने लिहायच्या, की डिस्क पुन्हा ठणठणीत. ‘लो लेव्हल मारलं की बॅड सेक्टर जातात’ हा विश्वास त्या काळातला आहे आणि त्या काळात तो खराही होता.

आजच्या डिस्कमध्ये हेडला वाट दाखवणाऱ्या सर्व्हो खुणा कारखान्यातच लिहिल्या जातात. घरचा किंवा दुकानातला कुठलाही प्रोग्राम त्यांना हात लावू शकत नाही आणि त्या बिघडल्या तर पुन्हा लिहूही शकत नाही. बाजारात ‘लो लेव्हल’ म्हणून जे चालतं ते प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिणं, म्हणजे झिरो फिल. विंडोजचं साधं फॉरमॅट ‘क्विक’ची खूण काढून चालवलं तर व्हिस्टापासून पुढे तेही पार्टिशनभर शून्यच लिहितं. डिस्कपार्टमधलं ‘क्लीन ऑल’ पूर्ण डिस्कवर हेच करतं. आठशे रुपयांत तुम्हाला हेच मिळणार आहे. अपवाद सर्व्हरमधल्या एसएएस डिस्कचा. तिथे फॉरमॅटची आज्ञा डिस्क स्वतः पाळते आणि ५२० बाइटचे सेक्टर ५१२ चे करून घेण्यासाठी ती आजही वापरतात. लॅपटॉपच्या डिस्कशी त्याचा संबंध नाही.

मग शून्य लिहून डिस्क ‘सुधारते’ हा अनुभव लोकांना येतो कसा? ते समजायला तुमचा सी५ चा आकडा बघू. क्रिस्टलडिस्कइन्फो कच्चे आकडे मुळात सोळाच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीत दाखवतं. तुम्हाला दिसलेले ३० म्हणजे आपले ४८. फंक्शन मेनूत ॲडव्हान्स्ड फीचर, त्यात रॉ व्हॅल्यूज, तिथे दहाची पद्धत निवडा म्हणजे पुढे गोंधळ होणार नाही. आता ४८ ला ८ ने भाग जातो. हा योगायोग नसावा. २०११ च्या आसपासपासूनच्या बहुतेक डिस्कमध्ये प्रत्यक्ष सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि बाहेरच्या जगाला तो ५१२ चे आठ म्हणून दाखवला जातो. पुष्कळ डिस्क मोजदाद ५१२ ने करतात. म्हणजे तुमच्या डिस्कवर बहुधा सहाच ठिकाणं वाचता येत नाहीयेत.

सी५ चा अर्थ ‘निकाल राखून ठेवलेले सेक्टर’. डिस्कने ती जागा वाचायचा प्रयत्न केला, दुरुस्तीचा कोड वापरूनही मजकूर जुळला नाही, म्हणून तिने जागा नोंदवून ठेवली. आतला मजकूर अजून कुणाला हवा असेल, म्हणून डिस्क ती जागा आपणहून टाकून देत नाही. त्या जागेवर कुणी नवीन लिहायला आलं की जुन्या मजकुराची आशा संपते आणि मगच निकाल लागतो. नवीन लिहिलेलं नीट वाचता आलं तर जागा चांगली ठरते आणि सी५ कमी होतो. नाही जमलं तर डिस्क राखीव साठ्यातला सेक्टर तिच्या जागी लावते आणि ०५ वाढतो. झिरो फिलचा सगळा चमत्कार एवढाच: तो सगळ्या राखलेल्या निकालांचा एकदम निवाडा करायला लावतो. पण त्या सहा जागांमध्ये आजोबांच्या कागदांचे स्कॅन असतील तर त्यांचाही निवाडा तिथेच होतो, म्हणून क्रम महत्त्वाचा.

हे बिघाड कशाने होतात यावर डिस्कचं पुढचं आयुष्य ठरतं. लिहिता लिहिता लाइट गेली, केबल निघाली किंवा चालू डिस्कला धक्का बसला तर सेक्टर अर्धवट लिहिला जातो. पृष्ठभाग चांगला असतो, मजकूर तेवढा विस्कटलेला असतो. अशी डिस्क शून्य लिहून खरोखर नीट होते आणि वर्षानुवर्षं चालते. दुसऱ्या बाजूला पृष्ठभाग खरवडला गेला असेल किंवा हेड अशक्त झालं असेल तर आज सहा जागा, महिन्याने साठ. दोन्हींत फरक बाहेरून दिसत नाही, आकडा वाढतोय की थांबलाय यावरूनच कळतो. म्हणून मी कुठल्याही डिस्कचं एकदाच घेतलेलं रीडिंग निर्णायक मानत नाही.

आवाजाबद्दल. केसिंगमधल्या डिस्कची ‘टक’ तीन प्रकारची असू शकते. काम थांबल्यावर काही सेकंदांनी येणारी एकच मऊ टक म्हणजे हेड पार्किंग, त्यात काळजीचं काही नाही. दुसरा प्रकार विजेच्या तुटवड्याचा: यूएसबी २ चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो आणि अडीच इंची डिस्कला फिरायला सुरुवात करताना त्याहून जास्त लागतात. डिस्कच्या लेबलवर ५ व्होल्टसमोर अँपिअरचा आकडा छापलेला असतो, तो बघा. लांब किंवा बारीक केबलवर व्होल्टेज पडतं, डिस्क दमून थांबते, पुन्हा सुरू होते आणि तो आवाज थेट बिघाडासारखा वाटतो. तिसरा प्रकार खरा धोक्याचा. डिस्क लावल्याबरोबर ठरावीक लयीत टक-टक-टक आणि मग शांतता. ही हेडला वाट सापडत नसल्याची खूण. तसं ऐकू आलं तर काही सेकंदांत वीज काढा आणि पुन्हा ‘एकदा बघू’ म्हणून लावू नका. हेड प्लेटला घासत असेल तर प्रत्येक प्रयत्न मजकूर खरवडतो. तिथून पुढचं काम प्रयोगशाळेचं. हेड बदलायचं काम हजारोंत जातं आणि बऱ्याचदा पाच आकडी होतं, तेव्हा आतल्या वस्तूची किंमत घरच्यांनी मिळून ठरवावी.

तुमची डिस्क ओळखली जाते, बाकीचे फोल्डर कॉपी होतात, म्हणून मी पहिल्या दोन शक्यता धरून पुढे सांगतो. एक गोष्ट आत्ताच थांबवा: चेकडिस्क, म्हणजे विंडोजचा डिस्क तपासायचा प्रोग्राम. विंडोज ‘स्कॅन अँड फिक्स’ विचारेल, नको म्हणा. स्लॅश आर लावलेलं चेकडिस्क आजारी डिस्कचा प्रत्येक कोपरा पुन्हा पुन्हा वाचायला लावतं आणि फाइल सिस्टममध्ये बदल लिहितं. वाचता न आलेल्या जागेत फोल्डरची नोंद असेल तर फायली नावं गमावून फाउंड नावाच्या फोल्डरात तुकड्यातुकड्यांनी जाऊन पडतात. शिवाय त्याने मारलेली ‘बॅड’ची खूण फाइल सिस्टमपुरतीच असते, डिस्कच्या आत काहीही दुरुस्त झालेलं नसतं.

आता पद्धत. डिस्क केसिंगमधून काढा. तुमची मूळची लॅपटॉपची असल्यामुळे तिला मदरबोर्डला थेट जोडायचा साधा साटा कनेक्टर असणार. (तयार पोर्टेबल डिस्क असती तर मी थांबवलं असतं. त्यांतल्या काहींत यूएसबीचा सॉकेट डिस्कच्या बोर्डावरच असतो आणि काहींत मधला बोर्ड मजकूर एन्क्रिप्ट करतो, म्हणजे डिस्क वेगळी काढली की नुसता कचरा दिसतो.) ती एखाद्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डला थेट साटा केबलने जोडा. अडीच इंचीला तीच डेटा आणि तीच पॉवर केबल चालते. यूएसबीचा मधला बोर्ड चूक आली की हँग होतो आणि डिस्क गायब होते, हा निम्मा त्रास तिथेच संपतो. ‘टक’ विजेच्या तुटवड्याची असेल तर तीही बंद होईल.

त्याच डेस्कटॉपला एक चांगली २ टीबीची डिस्क जोडा. तिच्यावर निदान १ टीबी मोकळी हवी आणि ती फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली नको, कारण तिथे एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. मग दुसऱ्या चांगल्या पेन ड्राइव्हवरून सिस्टमरेस्क्यू नावाचं लिनक्स चालवा. विंडोजमध्ये हे काम करू नये, कारण डिस्क जोडताक्षणी विंडोज तिच्यात डोकावायला जातं. सिस्टमरेस्क्यूमध्ये डीडीरेस्क्यू (आजारी डिस्कची प्रत काढणारा), टेस्टडिस्क (हरवलेले फोल्डर शोधणारा) आणि स्मार्ट, म्हणजे डिस्कचे तब्येतीचे आकडे, वाचायचे प्रोग्राम आधीच असतात. एलएसबीएलके (lsblk) ही आज्ञा दिली की डिस्कची यादी आकारासह दिसते. कुठली आजारी आणि कुठली नवी हे कागदावर लिहून घ्या. इथे नावांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते आणि त्यातून परत येणं नाही.

डीडीरेस्क्यूला तीन गोष्टी सांगायच्या: कुठून, कुठल्या इमेज फाइलमध्ये (डिस्कची हुबेहूब प्रत) आणि मॅप फाइलचं नाव. मॅप फाइल कधीही विसरू नका. कुठला भाग आला आणि कुठला राहिला याची नोंद तिच्यात असते. मध्येच लाइट गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. आपल्याकडे पावसाळ्यात कडकडाट सुरू झाला की लाइटचा भरवसा नसतो, तेव्हा डेस्कटॉप यूपीएसवर घ्या आणि मॅप फाइल चांगल्या डिस्कवर ठेवा. पहिली फेरी डॅश डी आणि डॅश एन (-d -n) लावून करा. डॅश डी म्हणजे मधला कॅश टाळून थेट वाचणं. डॅश एनमुळे अडलेल्या जागी खरवडत न बसता सोपा भाग आधी येतो. सुदृढ भाग तासाला दोन-तीनशे जीबीच्या वेगाने येऊन जावा. दुसरी फेरी त्याच फायलींवर, डॅश एन काढून, डॅश आर ३ लावून. आता ती फक्त उरलेल्या जागांवर तीनदा प्रयत्न करते. सहा जागांपैकी दोन-चार यात सुटून येतात, कारण डिस्क गार असताना किंवा वेगळ्या दिशेने गेल्यावर तीच जागा कधी कधी वाचली जाते. त्यासाठी डॅश मोठा आर लावून उलट दिशेनेही एक फेरी करता येते.

हे सगळं चालू असताना डिस्कवर टेबल फॅन लावा. साध्या अडीच इंची डिस्कची मर्यादा सहसा ६० अंशांची असते. मी ५० वर गेली की थांबवतो, गार होऊ देतो आणि पुन्हा सुरू करतो. मेच्या दुपारी बंद खोलीत हे काम काढू नये. रात्री लावलं तर उत्तम.

इमेज झाली की मूळ डिस्क काढून बाजूला ठेवा आणि पुढचं सगळं इमेजवर करा. फोल्डर नीट उघडले तर कॉपी करून घ्या. नाही उघडले तर टेस्टडिस्क, आणि तेही हरलं तर नुसत्या मजकुरावरून फायली ओळखणारं फोटोरेक. मात्र फोटोरेक फायली शोधतं तेव्हा मूळ नावं मिळत नाहीत, आणि मोडीच्या शेकडो स्कॅनना नावाशिवाय पुन्हा ओळखणं हे महिन्याचं काम होतं. म्हणून ते शेवटी. कुठल्या फायली बिघडल्या हे शोधायचं असेल तर डीडीरेस्क्यूच्या फिल मोडने इमेजच्या एका प्रतीत, न आलेल्या जागांवर एखादा ठळक शब्द भरून घ्या आणि मग फायलींमध्ये तो शब्द शोधा. ज्या स्कॅनमध्ये सापडेल तेवढेच कागद पुन्हा स्कॅन करावे लागतील. मूळ कागद घरात असतील तर हा मोठा दिलासा आहे, दुसऱ्या कुणाला परत दिले असतील तर आजच त्यांना फोन करून ठेवा.

आता, आणि आताच, झिरो फिल. स्कॅन उघडून बघितले, दुसरी प्रतही करून ठेवली, त्यानंतर. विंडोजमध्ये, खुद्द विंडोजची डिस्क सोडून इतर सगळ्या डिस्क काढून, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून डिस्कपार्ट उघडा. लिस्ट डिस्क, मग सिलेक्ट डिस्क आणि तिचा क्रमांक. पुन्हा एकदा लिस्ट डिस्क देऊन चांदणी (*) कुणासमोर आहे ते बघा आणि मग क्लीन ऑल. नुसतं ‘क्लीन’ सुरुवातीच्या आणि शेवटच्या थोड्या भागावरच शून्य लिहितं, त्याने सी५ हलत नाही. साटावर सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने १ टीबीला पावणेतीन तास लागतात. यूएसबी २ वर ३० एमबीच्या वेगाने नऊ तासांच्या वर. एचडीडीगुरूचं लो लेव्हल फॉरमॅट टूल पुष्कळ दुकानांत असतं. त्याची फुकट आवृत्ती तासाला १८० जीबीवर बांधलेली आहे, म्हणजे साडेपाच तास. ‘दहा मिनिटांत लो लेव्हल करून दिलं’ असं कुणी सांगितलं तर काय झालं नाही ते यावरून कळेल.

काही प्रोग्राम संपूर्ण डिस्क न पुसता फक्त बॅड जागेवर लिहायला बघतात आणि तिथे ‘एरर’ येते. कारण वर सांगितलेला ४०९६ चा सेक्टर. एकट्या ५१२ बाइटवर लिहायचं तर डिस्कला बाकीचे सात तुकडे आधी वाचावे लागतात, तेच वाचता येत नसतात. आठही एकदम लिहिले तरच निवाडा लागतो. पूर्ण झिरो फिलमध्ये ते आपोआप होतं.

संपल्यावर आकडे पुन्हा बघा. सी५ शून्य आणि ०५ सुद्धा शून्यच राहिला, तर बिघाड अर्धवट लिहिलेल्या मजकुराचा होता. सर्वांत चांगला निकाल. सी५ शून्य झाला आणि ०५ सहा किंवा अठ्ठेचाळीस झाला, तर पृष्ठभाग खरंच खराब होता आणि राखीव सेक्टर लागले आहेत. डिस्क चालेल, पण तिच्यावर एकुलती एक प्रत ठेवू नये. आणि लिहिताना मध्येच वेग ५ एमबीवर येऊन बसतोय, आवाज येतोय, किंवा सी५ लगेच पुन्हा वर चढला, तर डिस्कचं आयुष्य संपलं आहे. यानंतर स्मार्टची लांब चाचणी लावा, अशा डिस्कला ती तीन-एक तास घेते. आठवड्याने पुन्हा एकदा लावा. दोन्ही वेळा आकडे तसेच असतील तर मी डिस्कला गणपतीच्या व्हिडिओंची तिसरी प्रत ठेवायला पास करतो. त्याहून मोठं काम तिला देणार नाही.

आकड्यांतला अजून एक: सी७ (केबलवरून जाताना बिघडलेल्या मजकुराची मोजणी) वाढत असेल तर दोष केबलचा किंवा कनेक्टरचा असतो, डिस्कचा नाही. केबल बदलली की वाढ थांबते, जुना आकडा मात्र तसाच राहतो. तुम्ही सी७ चा आकडा दिलेला नाही, तोही बघा. आणि मोठी कॉपी करताना काही वेळाने वेग एकदम पडतो, बाकी सगळे आकडे स्वच्छ, असं एखाद्या नव्या डिस्कबाबत दिसलं तर ती एसएमआर पद्धतीची असण्याची शक्यता आहे. तिच्यात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात आणि लिहिण्याचा अनुशेष साचला की ती मंदावते. ती बिघडलेली नाही, तिला फॉरमॅटची गरज नाही.

फ्रीजमध्ये ठेवणं, टेबलावर आपटणं, घरी झाकण उघडणं यांपैकी काहीही करू नका. हेड प्लेटपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. फ्रीजमधून काढलेल्या डिस्कवर धरणारं दव किंवा खोलीतला धुळीचा कण त्याला डोंगरासारखा आहे. बोर्ड बदलून बघू म्हणणाऱ्यालाही विचारा की जुन्या बोर्डावरची आठ पायांची रॉम चिप तो नव्यावर हलवणार आहे का. प्रत्येक डिस्कची स्वतःची मापं तिच्यात असतात, त्याशिवाय नुसता त्याच मॉडेलचा बोर्ड चालत नाही.

आता पेन ड्राइव्ह. तिच्यात हेड नाही, प्लेट नाही. एक कंट्रोलर आणि फ्लॅश मेमरी, बस. तुम्ही ‘सेक्टर १०००’ वर लिहिलं तरी ते मेमरीत कुठे ठेवायचं हे कंट्रोलर दर वेळी स्वतः ठरवतो, म्हणजे झीज सगळीकडे वाटली जाते. त्यामुळे शून्य लिहून ‘तीच जागा’ दुरुस्त होते ही कल्पनाच तिथे लागू नाही. उलट टीएलसी (एका पेशीत तीन बिट ठेवणाऱ्या) मेमरीचा प्रत्येक ब्लॉक साधारण हजारच्या आसपास वेळा पुसता येतो, त्यातली एक वेळ फुकट जाते. एसएसडीलाही हेच लागू आहे. तिथे झिरो फिल करू नका, सिक्युअर इरेज (एसएसडीला स्वतःच सगळं पुसायला सांगणारी आज्ञा) वापरा.

राइट प्रोटेक्ट तीन ठिकाणांहून येऊ शकतं. बाजूला बटण असेल तर ते. विंडोजने लावलेली खूण, जी तुम्ही डिस्कपार्टमधून काढून बघितलीत. आणि तिसरं, खुद्द कंट्रोलरने लावलेलं कुलूप. दुसऱ्या कॉम्प्युटरवरही तेच दिसत असेल तर तुमचं हे तिसरं आहे. राखीव ब्लॉक संपले किंवा आतला तक्ता बिघडला की कंट्रोलर लिहिणं बंद करतो, म्हणजे निदान आहे ते वाचता यावं. त्याने तुमच्यावर उपकारच केले आहेत. आजच सगळ्या फायली काढून घ्या. ही अवस्था किती दिवस टिकेल याचा नेम नसतो.

पेन ड्राइव्हच्या बाबतीत ‘खरं’ लो लेव्हल म्हणजे कारखान्यात वापरतात तो प्रोग्राम, लोक त्याला एमपी टूल म्हणतात. तो मेमरी पुसून, प्रत्येक ब्लॉक तपासून, खराब ब्लॉकांचा तक्ता नव्याने बांधतो आणि कंट्रोलरचं फर्मवेअर (त्याच्या आतला प्रोग्राम) पुन्हा लिहितो. आतलं सगळं जातं. चिपजीनियससारख्या प्रोग्रामने आधी कंट्रोलर ओळखायचा: फायसन, सिलिकॉन मोशन, अल्कोर, चिप्सबँक वगैरे. मग त्याच मॉडेलचं आणि त्याच मेमरीला ओळखणारं टूल शोधायचं. बाहेर छापलेल्या कंपनीच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन पेन ड्राइव्हमध्ये वेगळे कंट्रोलर निघतात. चुकीचं टूल चालवलं तर आत्ता वाचता येणारी वस्तू ओळखलीही जात नाही. शिवाय ही टूलं कंपन्या ग्राहकांना देत नाहीत, ती कुठूनतरी उतरवलेली असतात आणि त्यांच्यासोबत व्हायरस येतात. म्हणून ती मी इंटरनेट तोडलेल्या जुन्या मशीनवरच चालवतो.

टूल यशस्वी झालं तरी ६४ ची ५० जीबी होऊन येऊ शकते, कारण खराब ब्लॉक वगळले जातात. (चांगली ६४ जीबीची पेन ड्राइव्ह विंडोजमध्ये मुळातच ५८-५९ दिसते, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.) त्यानंतर एच२टेस्टडब्ल्यू या तपासणीच्या प्रोग्रामने ती काठोकाठ भरून परत वाचून बघावी लागते. १५ एमबीच्या वेगाने नुसतं लिहायलाच सव्वा तास. एवढं करून हाती येते ती एकदा झिजून बंद पडलेल्या मेमरीची पेन ड्राइव्ह. एमपी टूलची मेहनत मी दोनच ठिकाणी योग्य मानतो. एक, मेमरी चांगली आहे पण मध्येच उपसल्यामुळे फर्मवेअर बिघडलं, तेव्हा ‘इन्सर्ट डिस्क’ किंवा शून्य बाइट दिसतं. दोन, स्टिकरवर ६४ आणि आत ८ अशी नकली पेन ड्राइव्ह, जिला तिच्या खऱ्या मापावर आणायचं असतं. तुमची यांपैकी नाही.

वॉरंटी तपासा, बऱ्याच चांगल्या पेन ड्राइव्हना पाच वर्षांची असते आणि प्लास्टिक उघडलं नसेल तर बदलून मिळते. पण एक लक्षात घ्या: कुलूप लागलेली पेन ड्राइव्ह पुसता येत नाही. तुमच्या फायली जशाच्या तशा दुसऱ्याच्या हातात जातील. आधार, पॅन, बँकेचे कागद त्यात असतील तर वॉरंटीचा मोह सोडा आणि आतली काळी चौकोनी चिप पक्कडीने फोडून टाका.

नवी हार्ड डिस्क घेताना पाकिटावर विसंबू नका. दुकानातच क्रिस्टलडिस्कइन्फो लावून पॉवर ऑन अवर्स बघा. नव्या डिस्कला ते शून्य किंवा एक-दोन असतात. जुन्या डिस्कचे हे आकडे पुसून नवी म्हणून विकण्याचा धंदा सगळीकडे चालतो. सीगेटची असेल तर घरी आल्यावर स्मार्टसीटीएल या प्रोग्रामने फार्म नावाचा लॉगही (डिस्कची आतली नोंदवही) वाचा. स्मार्टचे तास पुसलेल्या डिस्कच्या त्या लॉगमध्ये खरे तास सापडलेले आहेत. दोन्ही जुळले नाहीत तर बिल घेऊन त्याच दिवशी परत जा.

केसिंग काढून साटावर लावल्यावर सी५ आणि सी७ चे आकडे, दहाच्या पद्धतीत, इथे लिहा. आणि ‘टक’ तरीही येत असेल तर डीडीरेस्क्यू सुरू करण्याआधीच कळवा.